बाळाच्या आतड्याची वाट

आजचा धडा बाळंतपणाचा आहे. हे नाव वाचून काही पुरुषमाणसं पान उलटतील. म्हणतील, हा बायांचा विषय. तर दादांनो, पान उलटू नका. अर्ध्या रात्री गाडी आणायला तुम्हालाच धावावं लागतं. पैशाची गाठ तुमच्याकडे असते. आणि लेकरू दोघांचं असतं.

आधी एक जुनी गोष्ट सांगतो. सन 1985 ची. मी तेव्हा जंगलातल्या एका लहान गावी नवा मास्तर होतो. शाळेच्या शेजारी एक घर होतं. घरची सून पहिलटकरीण होती. सातव्या महिन्यातच तिचं पोट नऊ महिन्यांएवढं दिसू लागलं. कातडी ताणून चकचकीत झाली होती. तिला उताणं निजवत नसे. बसून बसून रात्र काढी. गावातल्या बाया म्हणाल्या, "जुळं आहे जी." घरच्यांना आनंद झाला. मीही पेढे मागितले.

दिवस भरायच्या आधीच ती बाळंत झाली. दाई म्हणाली, एवढं पाणी मी कधी पाहिलं नाही. घमेलं भरलं. बाळ मात्र एकच, आणि लहानखोर. मुलगा. दूध पाजलं की ओकायचा. ओकारी हिरवी. घरच्यांनी गुटी उगाळून दिली. मग नजर काढली. तिसऱ्या दिवशी कोणीतरी तापलेल्या विळ्याने पोटावर डाग दिले. आजोबा माझ्या दारी आले आणि म्हणाले, "गुरुजी, लेकरू हिरवं ओकते. पुस्तकात काही लिहिलं आहे का?" मी मॅट्रिक शिकलेला. पण त्या वेळी मला काही सांगता आलं नाही. पावसाळा होता, नाला भरला होता. चौथ्या दिवशी बाळ गेलं.

त्या आजोबांचा प्रश्न मी विसरलो नाही. पुढे डॉक्टरांना विचारलं, नर्सबाईंना विचारलं, पुस्तकं वाचली. जे कळलं ते या धड्यात लिहीत आहे.

बाळ पोटात काय पितं?

आईच्या गर्भपिशवीत पाणी असतं. बाळ त्या पाण्यात तरंगतं. हे पाणी साठून राहिलेलं नसतं, ते फिरतं असतं. बाळ ते पाणी गिळतं. पाणी त्याच्या पोटातून आतड्यात जातं. आतड्यातून ते रक्तात शोषलं जातं. मग बाळ लघवी करतं आणि पाणी पुन्हा पिशवीत येतं. हा रहाट पोटात महिनोन् महिने चालू असतो. आठव्या-नवव्या महिन्यात हे पाणी साधारण पाऊण ते एक लिटर असतं.

आता समजा, बाळाची गिळायची वाट वरच्या बाजूला बंद आहे. मग काय होईल? लघवी होत राहील, पण गिळलेलं पाणी पुढे सरकणार नाही. पाणी पिशवीत साठेल. तळ्याला पाणी येणारा नाला चालू आणि सांडवा बंद, तसं. आईचं पोट महिन्यांच्या मानाने फार मोठं होईल. शेजारच्या घरची सून आठवा. तिच्या पोटातून बाळ आधीच सांगत होतं की माझी वाट बंद आहे. आम्ही मात्र पेढे मागत होतो.

पण लगेच घाबरून जाऊ नका. मोठं पोट म्हणजे बंद आतडं, असा हिशेब नाही. खरंच जुळं असेल. आईला साखरेचा आजार असेल तरी पाणी वाढतं. महिने मोजताना चूक झाली असेल. पुष्कळदा पाणी थोडं वाढतं आणि कारण काहीच सापडत नाही. बाळ ठणठणीत निघतं. म्हणून आपण अंदाज करायचा नाही. तपासायला न्यायचं.

जास्त पाण्याची खूण घरीही कळते. पोट झपाट्याने वाढतं. कातडी ताणते. दम लागतो, उताणं निजवत नाही. नर्सबाई पोट चाचपतात तेव्हा बाळाचं डोकं, पाय हाताला नीट लागत नाहीत. अशा बाईचं बाळंतपण घरी कधीही करू नये. पाण्याच्या ताणाने कळा लवकर येतात. पाणी एकदम फुटलं तर नाळ बाळाच्या आधी बाहेर घसरू शकते. बाळंत झाल्यावर रक्तही जास्त जाऊ शकतं. म्हणजे धोका बाळाला आहे, तसा आईलाही आहे.

वाट बंद का होते?

आपल्याकडे मोहर्लीच्या जंगलात बांबू भरपूर. बांबू बाहेरून सरळ दिसतो. आत मात्र प्रत्येक पेराला पडदा असतो. बासरी किंवा पिचकारी करायची तर मधला पडदा फोडावा लागतो. नाही तर हवा पुढे जात नाही, पाणीही जात नाही.

बाळाचं आतडं तयार होतं तेव्हा असंच काहीसं घडतं. जठराच्या खाली आतड्याचा पहिला तुकडा असतो. दिवस गेल्यावर दुसऱ्या महिन्यात हा तुकडा आतून भरतो, काही काळ भरीव होतो. मग तो पुन्हा आतून पोकळ होतो. एखाद्या बाळात हे पोकळ होणं अर्धवट राहतं. पडदा तसाच राहतो. जिथे मोकळी वाट हवी, तिथे भिंत.

आतड्याच्या खालच्या भागात कारण वेगळं असतं. पोटात असतानाच आतड्याच्या एखाद्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो. तो तुकडा वाळून जातो आणि वाट तुटते. जन्माला आलेल्या बाळाचं लहान आतडं अडीच-तीन मीटर लांब असतं. एवढी लांब नळी बोटभर पोटात घडी घालून बसवायची. कुठे चूक झाली तर नवल नाही. नवल हे, की बहुतेक बाळांत ती होत नाही.

ही व्यंगं फार क्वचित होतात. आतड्याचा पहिला तुकडा बंद असणारं बाळ पाच ते दहा हजारांत एखादं. शौचाची जागाच नसणारं बाळ सुमारे पाच हजारांत एक. आपल्या एका गावात कित्येक वर्षांत असं बाळ दिसणार नाही. पण जिल्ह्यात दिसेल. आणि ज्या घरी दिसेल, त्या घराला पाच हजारांचा हिशेब सांगून काय उपयोग?

तुम्ही विचाराल, यात आईची चूक काय? काही नाही. ग्रहणात तिने विळी हातात घेतली म्हणून आतडं बंद झालं नाही. पपई खाल्ली म्हणून नाही. जंगलात मोहफूल वेचायला गेली, तिथे काही लागलं, म्हणूनही नाही. सासूबाईंनी सुनेला आणि नवऱ्याने बायकोला या बाबतीत एक शब्द बोलू नये. हे मी मुद्दाम ठासून लिहितो, कारण बाळ गेल्यावर त्या शेजारच्या सुनेला फार बोलणी खावी लागली होती.

आवाजाने काढलेलं चित्र

वटवाघूळ अंधारात कसं उडतं? ते बारीक आवाज काढतं. आवाज झाडावर आपटून परत येतो. त्यावरून त्याला झाड कुठे आहे ते कळतं. सोनोग्राफीचं यंत्रही असंच चालतं. आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज पोटात सोडतात. परत आलेल्या आवाजावरून पडद्यावर चित्र उमटतं. यात एक्स-रे नाही, सुई नाही, कापणं नाही. पोटावर थंडगार चिकट औषध लावतात, एवढाच त्रास.

ही युक्ती स्कॉटलंड देशातल्या ग्लासगो शहरात निघाली. तिथे मोठ्या धातूकामाच्या कारखान्यांत लोखंडात चीर आहे की नाही ते आवाजाने बघत. इयान डोनाल्ड नावाच्या डॉक्टरांनी ती रीत माणसाच्या पोटावर वापरून पाहिली. 1958 साली त्यांनी आपलं काम जगापुढे मांडलं. लोखंड तपासायचं यंत्र पुढे बाळाच्या कामी आलं.

आतड्याचा पहिला तुकडा बंद असेल तर पडद्यावर दोन काळे गोळे शेजारी शेजारी दिसतात. एक गोळा जठराचा, दुसरा फुगलेल्या आतड्याचा. डॉक्टर त्याला दुहेरी बुडबुडा म्हणतात. पुढे वाट नाही, म्हणून पाणी त्या दोन जागी साठतं. खालचं आतडं बंद असेल तर फुगलेल्या नळ्यांची वेटोळी दिसतात. काही बाळांचं आतडं बेंबीजवळच्या भोकातून बाहेर आलेलं असतं. तेही या चित्रात दिसतं, आणि बरंच लवकर दिसतं.

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. साधारण पाचव्या महिन्यात एक मोठी सोनोग्राफी सांगतात. दुहेरी बुडबुडा मात्र पुष्कळदा त्यानंतर दिसू लागतो. म्हणजे पाचव्या महिन्यात "सगळं ठीक" असा कागद मिळाला, आणि सातव्यात पोट भराभर वाढू लागलं, तर पहिला कागद दाखवून घरी बसायचं नाही. पुन्हा जायचं. शिवाय काही व्यंगं चित्रात सहसा दिसतच नाहीत. शौचाची जागा बंद असणं त्यातलंच. त्यासाठी जन्मानंतर आपले डोळे हवेत.

दुहेरी बुडबुडा दिसला तर डॉक्टर बाळाचं हृदयही तपासतात. अशा काही बाळांना डाउन नावाचा जन्मजात दोष असतो. त्यात बाळाची वाढ आणि समज सावकाश होते. डॉक्टर त्याची वेगळी तपासणी सुचवतील. ऐकून घ्यावं, शंका विचाराव्या.

आणि मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीवाल्याला विचारू नका. तो गुन्हा आहे. महाराष्ट्राने तसा कायदा 1988 साली केला आणि 1994 साली तो साऱ्या देशासाठी झाला. यंत्र आजार बघायला आहे, मुली मारायला नाही.

जन्मल्यावर पहिले दोन दिवस

बाळ जन्मलं की घरातल्या शहाण्या बाईने तीन गोष्टी बघाव्या. दवाखान्यात नर्सबाई बघतातच, तरी आपणही बघाव्या.

पहिली, शौचाची जागा आहे का? बाळाला पुसताना पाय वर करून बघायचं. बोट घालायचं नाही, काडी घालायची नाही. फक्त बघायचं. सोपी गोष्ट आहे, पण लाजेपायी किंवा घाईपायी राहून जाते.

दुसरी, बाळाने काळी शी केली का? बाळाची पहिली शी डांबरासारखी काळी, चिकट असते. बहुतेक बाळं ती एका दिवसाच्या आत करतात. चोवीस तास उलटले आणि काळी शी झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. कधी जागा असते, पण आतड्याच्या शेवटच्या भागात नसांची पेरणी झालेली नसते. ते आतडं शी पुढे ढकलतच नाही. पोट फुगत जातं. कोपनहेगनच्या हिर्शस्प्रुंग नावाच्या डॉक्टरांनी 1886 साली या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्यांचंच नाव आजाराला पडलं. नाव अवघड आहे. ते पाठ करायची गरज नाही. चोवीस तास मात्र पाठ करा.

तिसरी गोष्ट ओकारीचा रंग. बाळ दूध पिऊन थोडं पांढरं, दह्यासारखं बाहेर टाकतं. त्यात काही वावगं नाही. पण हिरवी ओकारी वेगळी. हिरवा रंग पित्ताचा. पित्त खाली जायला हवं ते वर येतं, म्हणजे पुढे वाट अडली आहे. कधी आतडं स्वतःभोवती पीळ खातं, सुंभाला पीळ पडावा तसं. मग त्याचं रक्त थांबतं. अशा वेळी काही तासांत आतडं मरतं. नवजात बाळाने हिरवं ओकलं की सकाळची वाट पाहायची नाही. बाळ हसरं दिसलं तरी नाही.

काही बाळांच्या तोंडातून सारखा फेस येतो, पहिल्या दुधालाच ठसका लागतो आणि ओठ निळे पडतात. त्यांची अन्ननळी बंद असू शकते. तेही तितक्याच घाईने न्यायचं. याही बाळांच्या आईच्या पोटात पाणी पुष्कळदा जास्त असतं.

सरकारी दवाखान्यात बाळंत झाल्यावर दोन दिवस राहायला सांगतात. आपले लोक घाई करतात. म्हणतात, घरी ढोरं आहेत, धान कापायचा आहे. पण यातले पुष्कळ आजार त्या दोन दिवसांतच तोंड दाखवतात. दोन दिवसांचा मुक्काम कसा फुकट जात नाही, ते यावरून कळेल.

घरी आल्यावर आशाताई येतात. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा. या घरभेटीच्या पद्धतीची मोठी परीक्षा आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात झाली, हे फार थोड्यांना माहीत आहे. डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग यांच्या सर्च संस्थेने तिथल्या 39 गावांत थोडं शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्यांना आरोग्यदूत म्हणत. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांत नवजात बाळांचं मरण 62 टक्क्यांनी कमी झालं. 1999 साली ते काम विलायतेच्या लॅन्सेट मासिकात छापून आलं. त्या बाया शस्त्रक्रिया करत नव्हत्या. जंतुदोष, थंडी, अशक्त बाळ हे त्यांचं काम. पण घरात येऊन बाळाकडे नीट बघणारं माणूस असलं की काय होतं, ते आपल्याच झाडीपट्टीतल्या बायांनी जगाला दाखवलं.

नेताना काय करायचं

गाडीसाठी 108 फिरवा. गरोदर बाई आणि लहान बाळ यांच्यासाठी 102 आहे. आपल्या वाटेवर रात्री जनावरं असतात, तेव्हा दुचाकीवर बाळ नेऊ नका. गाडी येईपर्यंत आशाताईंना बोलवा.

एरवी आईचं दूध पहिल्या तासातच द्यावं, हे तुम्ही शिकलाच आहात. पण हिरवं ओकणाऱ्या बाळाला वाटेत दूध पाजू नका. मध नको, गुटी नको, पाणी नको. पोटात टाकलेलं पुढे जाणार नाही. उलटून श्वासात जाईल. बाळाला कुशीवर ठेवा. आईच्या उघड्या छातीशी धरा आणि वरून पांघरूण घाला. थंडीने बाळ दगावतं, हे लक्षात असू द्या. नर्सबाई नाकातून बारीक नळी घालतील. घाबरू नका, तिने पोट रिकामं होतं आणि ओकारी थांबते.

आतडं बाहेर असेल तर ते आत ढकलू नका. हळद नको, राख नको, तेल नको. स्वच्छ प्लॅस्टिकने हलकेच झाका आणि निघा.

सोबत माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे कागद, रेशन कार्ड आणि आधार घ्या. सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचा उपचार फुकट आहे. तशी योजना आहे. कोणी पैसे मागितले तर पावती मागा.

दुसरी गोष्ट

आता सन 2017 ची गोष्ट. माझी भाची माहेरपणाला आली होती. सातवा महिना. रात्री उठून बसायची. म्हणाली, "मामा, निजलं की दम लागते. पोट तर बघा, मोठी माय म्हणते जुळं आहे." ते शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला. महिन्याची नऊ तारीख जवळ होती. त्या दिवशी सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायांना तपासतात. पण मी नऊ तारखेची वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला चंद्रपूरला नेलं.

जुळं नव्हतं. पाणी जास्त होतं आणि पडद्यावर दोन काळे गोळे होते. डॉक्टरीणबाईंनी कागदावर पेन्सिलीने चित्र काढून आम्हाला समजावलं. माझी बहीण रडू लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी कळलं हे चांगलं झालं. आता बाळंतपण नागपूरला करा. तिथे लहान मुलांचे सर्जन आहेत." भाचीच्या सासऱ्यांचा विरोध होता. एवढ्या दूर कशाला, पहिलं बाळ आपल्या घरी व्हावं, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना 1985 ची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग उठले आणि घरातली दोन पोती तांदूळ विकायला काढली, नागपुरातल्या मुक्कामाच्या खर्चाला.

आठवा महिना संपता संपता नागपूरच्या सरकारी रुग्णालयात ती बाळंत झाली. मुलगी. वजन दोन किलोच्या आसपास. तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. सर्जननी आतड्याचा वरचा फुगलेला भाग आणि खालचा बारीक भाग एकमेकांना जोडला. बंद जागेला वळसा घालून नवी वाट काढली. पुढे कित्येक दिवस बाळ सलाईनवर होतं. नाकातल्या नळीतून रोज हिरवं पाणी येई. जावईबापू रोज नळीखालची बाटली बघत आणि मला फोनवर सांगत, आज इतकं आलं, आज कमी आलं. अकराव्या दिवशी ते पाणी पांढुरकं झालं. बाराव्या दिवशी आईचं दूध दिलं, एक चमचा.

सगळ्यांचं असं सरळ होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. शौचाची जागा नसलेल्या पुष्कळ बाळांना आधी पोटावर वाट काढून देतात. तिथून शी होते. काही महिन्यांनी खाली जागा तयार करतात, मग पोटावरची वाट बंद करतात. हे पाहून घरचे हबकतात, बाळ लपवून ठेवतात, पुढच्या शस्त्रक्रियेला नेत नाहीत. तसं करू नका. पोटावरची वाट थोड्या दिवसांची सोय आहे. नाल्याचा पूल पडला की बाजूने कच्चा रस्ता काढतात, तशी.

भाचीची मुलगी आता शाळेत जाते. पोटावर आडवी रेघ आहे. वर्गातल्या पोरांना ती सांगते की मला वाघाने पंजा मारला होता. मोहर्लीची पोरं ती, विश्वास ठेवतात.

पाटीवर लिहा

आपल्या आशाताईंचा फोन नंबर. 108 आणि 102. घरात कोणी गरोदर असेल तर तिचा कितवा महिना आहे तो, आणि मागची सोनोग्राफी कोणत्या तारखेला झाली ती तारीख. हे सारं चुलीजवळच्या भिंतीवर खडूने उतरवा. आजीला वाचता येत नसेल तर तिला वाचून दाखवा.